कंदुरीची अर्धी कलेजी

या ग्रुपवर गेलं वर्षभर नुसता वाचतोय. पांढऱ्या साडीतली बाई, उलट्या पावलांचा म्हातारा, वळणावर लिफ्ट मागणारी मुलगी... वाचतो आणि चिडतो. अरे, काय चाललंय काय! असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता आणि आज वयाची ऐंशी उलटल्यावरही नाही. सगळं आयुष्य मी प्रयोगशाळेत प्रोटीनं वेगळी करण्यात घालवलं. जे मोजता येत नाही ते नाही — एवढं सोपं होतं माझं.

मग हे कशाला लिहितोय? कारण माझ्या हातून एक प्रकार घडला. तो मी मोजला होता, वहीत लिहून ठेवला होता, आणि तरी तो कुठंच बसत नाही. आधीच सांगतो, भीती वाटावी असलं यात काही नाही. मला भीती तेव्हाही वाटली नाही. किळस वाटली... अजून वाटते. जेवता जेवता मोबाईल बघायची सवय असेल तर आधी जेवून घ्या.

मी रशीद. गाव ईट, तालुका भूम, तेव्हाचा उस्मानाबाद जिल्हा. महाराष्ट्र झाला त्याच्या दुसऱ्या वर्षीची दिवाळी. मी हैदराबादला बायोकेमिस्ट्रीत रिसर्च करत होतो. आमच्या घराण्यात मॅट्रिक झालेलाच मी पहिला, तेव्हा गावात माझा रुबाब काय वर्णावा! अब्बा मी लहान असतानाच गेले. मला वाढवलं अम्मानं आणि माझ्या थोरल्या बहिणीनं, सबीराआपानं. आपा माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी. पाटीवर अलिफ-बे आणि अ-आ-इ, दोन्ही मला तिनंच शिकवलं — माझ्या मुठीवर स्वतःची मूठ ठेवून. तिच्या उजव्या अंगठ्याच्या बुडाशी चंद्रकोरीसारखा एक व्रण होता. ती विळीवर कांदा चिरत असताना मी मागून येऊन गळ्यात पडलो होतो, त्याचा. अक्षर गिरवताना तो व्रण माझ्या नाकासमोर असायचा. (घरात आम्ही आमची दखनी बोलायचो. इथं सगळं मराठीतच लिहितो, वाचणाऱ्यांच्या सोयीसाठी.)

आपाला दिलं होतं तेरखेड्याला. सासरी शोभेच्या दारूचं काम. त्या वर्षी पोळ्याच्या सुमाराला नळ्यांत दारू भरताना भडका उडाला आणि तिचा उजवा हात मनगटापर्यंत भाजला. जीव वाचला, पण जखमेत काळी दारू रुतून बसलेली, ती काही भरेना. सासरच्यांनी माहेरी आणून सोडलं. मी दिवाळीच्या सुट्टीत घरी आलो तेव्हा दोन महिने होत आले होते.

पहिल्या दिवशी पट्टी मी सोडली. शिकलेला म्हणून मीच सोडायची, असं अम्मानं ठरवूनच टाकलं होतं. शेवटचा पदर मांसाला चिकटलेला असायचा. कोमट पाणी घालून तो भिजवायचा, हळूहळू ओढायचा, आणि मग तो वास... शिळ्या रक्ताचा, पुवाचा, आणि त्याखाली जळक्या दारूचा. मी प्रयोगशाळेत काय काय हुंगलं होतं, तरी तोंडाला पाणी सुटून ओकारी यायची. आपा माझ्या तोंडाकडं बघायची आणि वर मलाच म्हणायची, “तोंड तिकडं फिरव रे. मला सवय झालीय.”

पण एक गोष्ट चांगली होती. जखम कडेनं गुलाबी होत आली होती. भूमहून येणारे डॉक्टर म्हणाले, “आता भरायला लागलीय. धीर धरा. हात वाचेल.” ती गुलाबी कड मी माझ्या डोळ्यांनी पाहिली होती, हे लक्षात ठेवा.

अम्मानं कंदुरी बोलली होती. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी — पिराला नवस बोलतात, तो पुरा करायला दर्ग्यापाशी बोकड कापायचा, फातेहा द्यायचा, तिथंच चुली मांडून शिजवायचं आणि सगळ्यांनी बसून खायचं. आमच्याकडं हिंदू-मुसलमान दोघंही करतात. आमच्या माळावरच्या पिराचा नियम कडक. कंदुरीचं जे काही असेल ते तिथंच संपवायचं, शिवेबाहेर न्यायचं नाही, उरलंसुरलं तिथंच खड्डा करून पुरायचं. आणि आमच्या घरची रीत अशी की जिच्या नावाची कंदुरी तिनं कलेजी खायची. निखाऱ्यावर भाजलेली, अख्खी, पहिल्या घासापासून शेवटच्या तुकड्यापर्यंत तिनंच.

आता माझा शहाणपणा ऐका.

माझं काम होतं कलेजीतली एन्झाइम काढायचं. ताजी कलेजी बर्फासारख्या गार ॲसिटोनमध्ये वाटायची, गाळायची, वाळवायची. तपकिरी पावडर होते आणि तिच्यात एन्झाइम महिनोन्‌महिने टिकतं. फक्त जनावर पडल्यापासून पाव तासात कलेजी बर्फात गेली पाहिजे. हैदराबादला खाटकाकडून आमच्याकडं येईपर्यंत दोन-दोन तास जात आणि सगळं मरून जाई. वर्षभर माझा एक प्रयोग धड लागला नव्हता. गाईड सरळ म्हणाले होते, “सुट्टीनंतर काहीतरी दाखव, नाहीतर जागा दुसऱ्याला देतो.” म्हणून मी येतानाच ॲसिटोनची बाटली घेऊन आलो होतो, आणि कंदुरीच्या सकाळी बार्शीहून येणाऱ्या एसटीतून भुशात गुंडाळलेला बर्फ मागवला होता. भूमच्या हायस्कूलमधले सायन्सचे माने मास्तर माझे दोस्त. शाळेला सुट्टी, प्रयोगशाळेची किल्ली त्यांनी मला देऊन टाकली होती.

आधी बोकड कापणाऱ्या मुलाणीचाचांनाच सरळ विचारून बघितलं. म्हटलं, “चाचा, यातली थोडी कलेजी मला पायजे. अभ्यासाला.”

ते सुरी धूत होते. मान वर न करता म्हणाले, “कंदुरीचं शिवंभाईर जात न्हाय, बाबा. तू शिकल्याला हायस, पर ह्ये तुला सांगायला नको.”

“थोडीच हो, चाचा.”

“थोडी न्हाय आन्‌ लई न्हाय. न्हाय म्हंजी न्हाय.”

मी हसलो. मनात म्हटलं, बोकड मेल्यावर कलेजी कुणाच्या नावाची असते! ती प्रोटीन आणि चरबी असते. चाचा मटण तोडायला वळले तशी मी परातीतली कलेजी उचलली, अर्धी कापून बर्फाच्या गोणपाटात कोंबली आणि हात पायजम्याला पुसून मोकळा झालो. अम्मा निखारे फुंकत होती. बघते तर काय!

“एवढीशीच? एवढ्या मोठ्या बोकडाची कलेजी एवढीशी?”

“कुत्र्यानं पळवली,” मी म्हटलं. पटकन सुचलं.

मुलाणीचाचांनी माझ्याकडं एकदा बघितलं आणि सुरी पुन्हा धुवायला घेतली. अम्मानं कपाळाला हात लावला. आपा म्हणाली, “जाऊ दे अम्मा. जेवढी हाय तेवढी खाते.” डाव्या हातानं, अवघडत, तिनं ती अर्धी खाल्ली. मी गोणपाट सायकलला बांधलं आणि भूमचा रस्ता धरला. सव्वा तासाचा रस्ता. जुमेरातचा दिवस होता, गुरुवार.

भूमला पोचून कामाला लागलो. ॲसिटोनची बाटली एकच, ती अर्ध्याच मालाला पुरली. पावडर मात्र झकास निघाली. तळहाताएवढा एक तुकडा उरला. मिठाच्या पाण्यात, काचेच्या बरणीत टाकला आणि घरी आलो. उद्या जाऊन फेकून देऊ, म्हटलं.

शुक्रवारी सकाळीच सायकल काढून गेलो. दार उघडताना नाकाला रुमाल धरला होता. कार्तिक असला तरी आमच्याकडची दुपार ती, कलेजी चोवीस तास उघडी राहिली की खोलीत पाय ठेववत नाही. पण वास नव्हता. म्हणजे कसलाच नाही. पाणी स्वच्छ. आणि पावडरीसाठी जिथून मी तुकडे कापून घेतले होते ती कड... बंद झाली होती. कापलेली कलेजी तुम्ही पाहिली असेल, आत दाणेदार, ओली, भोकाभोकांची दिसते. तिथं आता गुळगुळीत पातळ पापुद्रा आला होता.

मला वाटलं, मिठानं झालं असेल. ब्लेड घेतलं आणि चरे पाडले. तीन, प्रत्येकी दोन इंच, आरपार. वेळ लिहिली — दुपारचे बारा... वहीत अजून आहे.

शनिवारी तिन्ही भरले होते. बोटानं दाबून बघितलं. सांगताना अंगावर काटा येतो — काटा भीतीचा नाही, शिसारीचा. ते कोमट होतं. बरणीतलं पाणी गार आणि मांस कोमट. मी हात साबणानं तीनदा धुतला तरी बोटाच्या टोकाला ती ऊब राहिलीच. मग पुन्हा बाराच्या ठोक्याला तीन चरे पाडले, जास्त खोल.

इकडं घरी शुक्रवारपासूनच आपाचं बिनसलं होतं. शनिवारी संध्याकाळी अम्मा म्हणाली, “कालबी आन्‌ आजबी दुपारी लई तळमळली रं. म्हनली कुनीतरी पात्यानं चिरतंय.”

“किती वाजता?” मी विचारलं. का विचारलं कोण जाणे.

“आता आमाला काय घड्याळ हाय व्हय? जोहरच्या आधी.” म्हणजे दुपारच्या नमाजाच्या जरा आधी, बाराच्या सुमाराला.

रविवारी सकाळी पट्टी सोडली तर गुलाबी कड नव्हती. होती ती जागा भिजलेल्या कागदासारखी पांढरी पडून सुटत होती. पुवाचा रंग हिरवट झालेला. वास असा की अम्मा पदर तोंडाला लावून अंगणात पळाली. आणि मी काय केलं? पट्टी बांधली, न्याहारी केली आणि सायकल काढून भूमला गेलो. कारण तिकडं माझी कलेजी वाट बघत होती.

त्या दिवशी माने मास्तर सोबत आले. मी ऐटीत बरणी दाखवली. शनिवारचे चरे भरून वरून कातडी धरायला लागली होती. कलेजीचा पापुद्रा नाही, कातडी. पिवळसर गुलाबी, भाजलेल्यावर नवी येते तशी, बारीक सुरकुत्यांची. मास्तरांनी चष्मा लावला, वाकून बघितलं आणि दोन पावलं मागं सरकले.

“रशीद, ह्ये जित्तं हाय का रे?”

“तेच तर बघायचंय, सर.”

“शी, शी, शी! बघायचं काय त्यात? फेकून दे. सुट्टी संपली की पोरं इथं प्रयोग करायची हायेत माझी.” ते भिंतीला धरून बाहेर गेले आणि वट्ट्यावर बसून ओकले. पुन्हा त्या खोलीत त्यांनी पाऊल टाकलं नाही. मला मात्र हसू येत होतं. मला वाटत होतं, जगात आजवर कुणी पाहिलं नाही ते मी पाहतोय... मेलेलं मांस स्वतःला दुरुस्त करतंय! कुठलं एन्झाइम हे करतंय ते मी शोधणार, माझं नाव होणार. मी बारा वाजायची वाट बघत बसलो आणि वाजल्याबरोबर पुन्हा चिरलं.

सोमवारी डॉक्टर आले. पट्टी उघडून बघितली, पुन्हा बांधली. मग मला बाहेर घेऊन गेले. “मागच्या आठवड्यात भरत होती हो! असं उलटं कसं फिरलं? हे बघा, काळं मनगटाच्या वर सरकलं तर हात ठेवता येणार नाही. गुरुवारपर्यंत वाट बघू. नाहीतर जिल्ह्याच्या दवाखान्यात.”

अम्मानं सगळं दारामागून ऐकलं होतं. ती कुणावर चिडावं हे न कळून कुत्र्यांना शिव्या देत सुटली. “मुर्दाड मेली! माझ्या लेकीची कलेजी खाल्ली! अख्खी खाल्ली असती तर हात भरला असता!” मी खाली मान घालून उभा होतो.

मंगळवारी मी भूमला पोचलो, बरणीचं झाकण काढलं आणि तुकडा चिमट्यानं उचलून उजेडात धरला. कातडी आता पुरी झाली होती. तिच्यावर रेघा होत्या, तळहातावर असतात तशा. आणि एका कोपऱ्यात, पांढरटसा, उंचवट्याचा... चंद्रकोरीसारखा व्रण.

विळीचा. माझ्यामुळं झालेला. भाजलं तेव्हा आपाच्या हातावरून तो जळून गेला होता, तिच्या हातावर तो आता उरलाच नव्हता. इथं होता. मी लहानपणी वर्षानुवर्षं तो नाकासमोर पाहिलाय, माझी चूक होणं शक्य नाही. चिमटा हातातून पडला. तुकडा टेबलावर पचकन पडला आणि तसाच राहिला, तळहात वर करून ठेवल्यासारखा.

त्या क्षणी मला सगळं कळलं. कळलं नाही, असं आजवर कधी कुणाला सांगितलं असेल तर ते खोटं. बारा वाजताचे चरे, जोहरच्या आधीची तिची तळमळ, इथली भरणारी कातडी आणि तिथली सुटणारी कड... आपाच्या वाट्याचं जे बरं होणं होतं ते मी शिवेबाहेर आणून बरणीत ठेवलं होतं. आणि मी जितकं चिरत होतो तितकं ते इथं भरत होतं नि तिकडं उघडत होतं. उपाय काय तेही कळलं. तुकडा उचलायचा, सायकलवर टाकायचा, माळावर निखारे करायचे, भाजून तिच्या तोंडात घालायचा. सव्वा तासाचं काम.

मी भूमच्या पोस्टात गेलो आणि गाईडना तार केली. ‘विलक्षण निष्कर्ष. ताबडतोब या.’

हो. हेच केलं. स्वतःला म्हटलं, योगायोग आहे. म्हटलं, शिकलेला माणूस असल्या गोष्टींवर हातातलं काम सोडत नाही. म्हटलं, डॉक्टर आहेतच की. पण आतून मला ठाऊक होतं की मी ते सोडत नाहीये कारण ते सोडलं तर माझ्याकडं दाखवायला काही राहत नाही.

आणि बुधवारी... हे मी माझ्या बायकोलाही सांगितलेलं नाही. बुधवारी बारा वाजता मी त्या व्रणावरून ब्लेड फिरवलं. आडवं, आरपार. व्रण पुन्हा येतो का ते बघायला. थू! लिहितानाही स्वतःच्या हाताची घाण वाटते. वहीत नोंद आहे, माझ्याच वळणदार अक्षरात, आपानं शिकवलेल्या. ‘व्रणाचा छेद घेतला. निरीक्षण उद्या.’

घरी आलो तर अंगणात बायका जमलेल्या. आपाचं किंचाळणं शेजारच्या गल्लीपर्यंत ऐकू गेलं होतं म्हणे, दुपारी. काळं कोपराकडं चाललं होतं. गुरुवारी पहाटेच बैलगाडीनं आणि मग एसटीनं तिला उस्मानाबादला नेलं. दुपारी हात कापला. कोपराच्या खाली चार बोटं. शस्त्रक्रिया बरोबर झाली, डॉक्टरांनी जीव वाचवला, त्यांचे उपकारच.

शुक्रवारी भूमला गेलो. शाळेच्या फाटकापासूनच वास सुरू झाला होता. माने मास्तर फिनेलची बाटली घेऊन बाहेर उभे. बरणीत काळा चिखल आणि त्यात वळवळणाऱ्या अळ्या, बरणीच्या काठापर्यंत. कातडी नाही, व्रण नाही, काही नाही. आठ दिवसांचं कुजणं दोन दिवसांत कसं होतं? मला विचारू नका. मास्तर एकच वाक्य बोलले, “किल्ली दे आन्‌ जा.” गाईड आले नाहीत. त्यांचं पत्र आलं, कुजकी कलेजी हे संशोधन नव्हे, अशा अर्थाचं.

पण पावडर उरली होती ना! ती हैदराबादला नेली. तिचं एन्झाइम असं तडफदार निघालं की गाईडनी पाठ थोपटली. माझा पहिला पेपर त्या पावडरीचा. त्यावर पुढची फेलोशिप, त्यावर नोकरी. पुढं डीएनए रिपेअरचा विषय आला तसा मी त्यात उडी घेतली. पेशीतला डीएनए सारखा कुठं ना कुठं बिघडत असतो. काही प्रोटीनं ती खराब जागा ओळखतात, कापून काढतात, दुसरी भर घालतात. मुलांना शिकवताना मी नेहमी एक सांगायचो, “भर फुकट येत नाही. ती कुठून आली ते आधी विचारा.” मुलं लिहून घ्यायची. निरोपसमारंभात कुणीतरी म्हणालं, सरांनी दुरुस्तीचं शास्त्र जगलं. मी उठून बाथरूममध्ये गेलो, नळ सोडून उभा राहिलो.

आपा ईटलाच राहिली. सासरचे पुन्हा न्यायला आले नाहीत. डाव्या हातानं लिहायला शिकली आणि गावातल्या मुलींना पाटीवर अक्षरं शिकवत राहिली. दरवर्षी बकरीदला मी जायचो. ती कलेजी वाढायला यायची, मी ताट झाकायचो. “साहेबाला किळस येती,” म्हणून सगळे हसायचे. तीही. फक्त दुपारी बाराच्या सुमाराला ती उठून आतल्या खोलीत जायची. नसलेला हात दुखतो, म्हणायची. हात कापलेल्यांना तसं होतं, त्याला शास्त्रात नाव आहे, मी तिला ते समजावूनही सांगितलं होतं. रोज बरोबर बाराला का, ते मात्र शास्त्रात नाही.

रिटायर झालो तेव्हा लॅबचं कपाट आवरताना त्या कलेजीच्या पावडरीची कुपी सापडली. तळाशी चिमूटभर तपकिरी पावडर. कुपी खिशात घातली आणि ईटला गेलो. अम्मा जाऊन वर्षं झाली होती. आपा ओसरीत बसून शेंगा निवडत होती. मी तिच्या पुढ्यात बसलो आणि सगळं सांगितलं, कुत्र्यापासून ब्लेडपर्यंत. बोलताना तिच्याकडं बघवत नव्हतं. ती निवडत राहिली.

मग म्हणाली, “कुत्रं न्हवतं, ते मला त्याच दिवशी ठाव होतं. तुझ्या गोनपाटातनं रगात ठिबकत होतं.”

“मग बोलला का नाहीत, आपा?”

“काय बोलायचं? तुझं शिक्षान बुडलं आस्तं. आन्‌ मला वाटायचं, तुला कळंल. रोज सांजंला सायकलची घंटी वाजली की वाटायचं, आज आनली आसंल.”

मी खिशात हात घातला. कुपी तिच्यापुढं ठेवली. तिनं ती दातात धरून डाव्या हातानं बूच काढलं, हुंगली, नाक मुरडलं. “या अल्ला! कसली घान ही!” मी हां-हां करत हात पुढं केला तोवर तिनं चिमूट जिभेवर टाकली होती. तोंड वाकडं करत गिळली, वर तांब्याभर पाणी प्यायली.

“खाऊ नका, आपा! औषधं हायेत तीत, विष असंल!”

“माझ्या नावाची हाय,” ती म्हणाली. “बस गप.”

भिंतीवरच्या घड्याळात बाराला पाच कमी होते. आम्ही दोघं बसून राहिलो. बारा वाजले. सव्वाबारा झाले. आपा उठली नाही. शेंगा निवडून झाल्या, सूप बाजूला ठेवलं आणि मला विचारलं, “जेवतोस ना?”

त्यानंतर ती आणखी सात वर्षं जगली. दुपारचं दुखणं पुन्हा एकदाही आलं नाही. मी फोनवर दर आठवड्याला विचारायचो.

बरणीतल्या तुकड्याचं काय, चिमूटभर शिळ्या पावडरीचं काय, मला काही सांगता येत नाही. वही माझ्यापाशी आहे, कुणाला बघायची असेल तर दाखवीन. मानसिक आहे, योगायोग आहे, म्हातारा भ्रमलाय — काय लिहायचं ते कॉमेंटमध्ये लिहा, माझं स्वतःचं ते सगळं लिहून खोडून झालंय. पण भूम ते ईट सव्वा तास लागतो सायकलला, आणि मंगळवारी दुपारी सायकल शाळेच्या भिंतीला टेकून उभी होती. दोन्ही चाकांत हवा भरलेली होती.